एक परस पाणी

मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधायचं ठरलं तेव्हा मी चौसष्ट कलमांची यादी केली. कुंपणाची उंची होती, पाण्याचा निचरा होता, कोणत्या झाडाची पानं कमी गळतात हे होतं, ओल्या पायांनी घरात येणाऱ्यांसाठी टॉवेलच्या खुंट्यासुद्धा होत्या. माझ्या आईला त्या पूलमध्ये मुटका मारायचा होता, हे मात्र चौसष्टांत कुठेच नव्हतं.

आमचं घर अमेरिकेत, वेस्ट विंडसरला. घरामागे हिरवळीचा उतार, उताराच्या टोकाला शेजाऱ्यांचं कुंपण, बस. सिंकसमोरच्या खिडकीतून मी चौदा वर्षं भांडी विसळत तो उतार पाहत आले होते. उन्हाळ्यात हिरवा, हिवाळ्यात पांढरा, मधल्या काळात चिखल. तिथे पाणी दिसलं तर भांडी घासणं तरी सुसह्य होईल, असं मला वाटायचं. म्हणून यादीतलं सातवं कलम होतं: पूलची लांब बाजू घराला समांतर, खिडकीच्या बरोबर मध्यावर. बारावं कलम होतं त्याच्या शेजारी छप्पर घातलेला ओटा, पंधरा-वीस माणसं बसतील असा. पूल घराचा वाटला पाहिजे, अंगणात कोणी विसरून गेल्यासारखा नको, हे मी आमच्या अमेरिकन कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं. दगड घराच्या पायऱ्यांच्या रंगाचा हवा, पंप खिडक्यांपासून लांब हवा आणि फरशी अनवाणी पायांना भाजणार नाही अशी हवी. तो मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, मला असं गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. मी ते कौतुक समजले.

खोलीचा प्रश्न मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सोडवला. आपल्या लोकांच्या पूल-पार्ट्या मी भरपूर पाहिल्या होत्या. मुलं पाण्यात, पुरुष ग्रिलजवळ, आणि आम्ही बायका काठावर ओळीनं, सलवारी पोटरीपर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून, हातात भेळेच्या वाट्या घेऊन. तरी खात्री केलेली बरी, म्हणून पाडव्याच्या पॉटलकला, सगळे एकेक पदार्थ घेऊन आमच्याकडे जमले तेव्हा, मी वही घेऊन फिरले.

"मी तर बाई पाय सोडून बसणार."

"परवाच केस रंगवलेत, मला विचारूच नकोस."

"कमरेच्या वर पाणी नको गं, छातीत धडधडतं."

"मला पाण्यात नको," एक काका म्हणाले, "पाण्याशेजारी चहा मिळेल का तेवढं लिही."

बारा जणांना विचारलं. अकरा पाय सोडून बसणारे, एक चहावाले. निष्कर्ष उघड होता. उथळ बाजू साडेतीन फूट, खोल बाजू साडेचार, आणि एका कडेला बसायला रुंद पायऱ्या.

"मॉम, दॅट्स अ बाथटब," माझी मुलगी म्हणाली. ती शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये आहे.

"तू दोन वर्षांनी कॉलेजला जाशील. बाथटब मला पुरेल."

तेरावी व्यक्ती त्या वेळी स्वयंपाकघरात पुरणपोळ्या लाटत होती. आठवड्यापूर्वीच भारतातून आलेली माझी आई. तिला विचारायचं मला सुचलं नाही.

दहा दिवसांनी कंत्राटदार नारिंगी रंगाचा फवारा घेऊन आला आणि त्यानं हिरवळीवर पूलचा आराखडा मारला. आई चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होती. तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई, ती नुसती उभी कशी राहील. खाली उतरली आणि परीक्षेच्या वर्गात फिरावं तशी त्या नारिंगी रेघेभोवती एक फेरी मारून आली.

"खोल किती?"

"साडेतीन. पुढे साडेचार."

तिनं हाताचा पंजा आडवा धरून स्वतःच्या अंगावर माप घेतलं. पाच फुटांपेक्षा बोटभर कमी भरेल ती. पंजा खालच्या ओठाशी आला.

"मग मुटका कुठं मारायचा?"

"कोणी?"

"मी."

मी हसले. ती हसली नाही.

आईला पोहता येतं हे मला माहीत होतं, पण एखाद्याचा रक्तगट माहीत असावा तसं. सांगलीकडच्या त्यांच्या मळ्यात विहीर होती. तिच्या थोरल्या भावानं पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून तिला पाण्यात ढकललं आणि पाचव्या दिवशी डबा सोडला. दुपारी मुलांना हाकलून दिलं की मुलींची पाळी यायची. विहिरीच्या काठावरून गुडघे छातीशी घेऊन, हातांनी आवळून, अंगाचं गाठोडं करून खाली. तोच मुटका. पंधराव्या वर्षी कोणीतरी म्हणालं, पोरगी मोठी झाली, आणि तिचं पोहणं संपलं. त्यानंतर नळ, बादली आणि टाकी.

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस ती?"

"बोलून काय करू? बादलीत मारू?" ती म्हणाली. "तू फोनवर म्हणालीस, आम्ही तलाव बांधतोय. म्हणून तर आले. मागच्याच खेपेला म्हटलं होतं ना, आता विमान बास."

ते खरं होतं. मागच्या खेपेला विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसल्या-बसल्या तिनं जाहीर केलं होतं की ही शेवटची. पुन्हा कशी काय यायला तयार झाली, याचा उलगडा मला आता झाला.

मी हरकती क्रमानं मांडल्या. एक, वय चौऱ्याहत्तर. दोन, रक्तदाब. तीन, गुडघे.

"मुटक्यात गुडघे छातीशी घ्यायचे असतात. टेकायचे नसतात."

चार, टाउनशिपचा सार्वजनिक पूल जूनमध्ये उघडतो, तिथे खोल पाणी आहे, तिथे जाऊ. या चौथ्या कलमावर मी खूश होते. माझ्या मुलीनं ते एका वाक्यात निकालात काढलं. तिथे मोठी पाटी आहे, उडी मारायला बंदी.

कंत्राटदार हा सगळा वेळ रंगाचा डबा हातात धरून उभा होता. काय चाललंय, त्यानं विचारलं. मी सांगितलं, माझ्या आईला जास्त खोल हवंय. किती फूट, त्यानं विचारलं. मी आईला विचारलं.

"फूट-बिट मला नाही कळत. एक परस तरी पाहिजे."

"परस म्हणजे?"

"इतकी शिकलीस आणि परस माहीत नाही?" मग ती थेट त्याच्याकडे वळली. "मिस्टर. स्टँड. स्ट्रेट." तो सरळ उभा राहिला. न राहून करतो काय. "हँड अप." त्यानं हात वर केला. "अंगठ्याशेजारच्या बोटापर्यंत," ती मला म्हणाली. "हे एक परस. विहिरीचं पाणी असंच मोजतात."

माझ्या नवऱ्यानं टेप आणून मोजलं. मला वाटलं होतं तो माझ्या बाजूनं आहे. कंत्राटदार सव्वासहा फुटी गडी. हात धरून आठ फूट भरले.

"म्हणजे मला उभं पुरता येईल एवढं," तो म्हणाला. मी ते आईला मराठीत सांगितलं.

"त्याला म्हणावं, काम वेळेत झालं तर नाही पुरणार."

हेही मी त्याला सांगितलं. त्या दिवसापासून तो तिला 'टीचर' म्हणू लागला.

पण मग तो गंभीर झाला आणि त्यानं जे सांगितलं ते मला नको होतं. आठ फूट खोल जायचं तर तळाला एकदम कडा घालून चालत नाही, सावकाश उतार द्यावा लागतो. उताराला लांबी लागते. आडव्या पूलला तेवढी लांबी मिळणार नाही, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या हद्दीपासून अंतर सोडावं लागतं. म्हणजे पूल काटकोनात फिरवायचा, घरापासून लांब जाणारा. जमिनीचा उतारही त्याच दिशेचा आहे, उलट जास्त शोभेल. फक्त छपराच्या ओट्याला जागा उरणार नाही. आणि खिडकीतून पूलची फक्त अरुंद बाजू दिसेल.

"किती?"

त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं. दारातून पलंग नेताना दिसतो तेवढा.

कलम सात आणि कलम बारा. मी विचार करून सांगते म्हणाले.

दोन दिवस घरात मतदान चालू होतं. मुलगी आजीच्या बाजूनं. नवरा म्हणाला, "यार, ओटा पुढच्या वर्षी करू की."

"आणि खिडकी? खिडकी पुढच्या वर्षी फिरवू?"

यावर तो ग्रिल साफ करायला गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भांडी विसळत होते, आई पुसून ठेवत होती. समोर हिरवळीवर नारिंगी रेघ, आडवी, बरोबर मध्यावर.

"राहू दे," आई म्हणाली. "तुझं घर आहे, तुझी खिडकी आहे. चांगलं मांडलंयस. मी पण पाय सोडून बसेन."

आईच्या 'राहू दे'चे प्रकार मला लहानपणापासून पाठ आहेत. रागाचं असतं, टोमण्याचं असतं, आणि 'राहू दे' म्हणजे ताबडतोब कर, असंही असतं. त्यांपैकी एखादं असतं तर मी भांडले असते. हे साधं होतं. तिनं झारा पुसला, खुंटीला अडकवला आणि पुढचं भांडं उचललं. पंधराव्या वर्षीही तिनं हेच, अशाच आवाजात म्हटलं असणार.

मी हात पुसले, वही काढली, सात आणि बारा खोडले आणि सर्वांत वर लिहिलं: मुटका. मग शेजारी मुदत लिहिली, कारण मुदत नसलेल्या कलमाला माझ्या यादीत अर्थ नसतो. आईचं परतीचं विमान सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त तिला राहता येणार नव्हतं आणि ती पुन्हा येणार नव्हती. पूलला तोपर्यंत पाणी लागलं नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात तो कितीही देखणा दिसला तरी उपयोग नव्हता.

नव्या आराखड्याच्या मंजुरीला तीन आठवडे लागले. खोदताना पाच फुटांवर एक दगड निघाला, आमच्या गाडीएवढा. तो फोडेपर्यंत पाऊस लागला आणि खड्ड्यात आपोआप पूल झाला, तपकिरी रंगाचा. आई छत्री घेऊन काठावर जायची. "भरलं बघ तुमचं," म्हणायची. कामगारांना आल्याचा चहा द्यायची आणि रोज कोणालातरी खड्ड्यात उभं करून हात वर करायला लावायची. एक परस व्हायला अजून हातभर कमी आहे, हे तिच्याकडून मला ऑफिसात फोनवर कळायचं. कंत्राटदाराच्या टेपपेक्षा तिचं माप आधी यायचं.

मी एक अट घातली होती, आधी सराव. म्हणून मुलगी तिला आठवड्यातून तीनदा टाउनशिपच्या पूलवर न्यायची. आई नातीची काळी लेगिंग आणि माझ्या नवऱ्याचा मॅरेथॉनचा जुना टी-शर्ट घालून उथळ बाजूला उतरायची. पहिल्या दिवशी तिला तरंगताच आलं नाही. घरी येऊन तिनं लेगिंग वाळत घातली. जेवताना म्हणाली, "अंग विसरलंय गं." मी वहीत काही लिहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात उताणी तरंगली. चौथ्या आठवड्यात मुलगी सांगत आली, "आज्जी डिड अ होल लॅप! डॉगी पॅडल, बट स्टिल!" आईनं तिला दुरुस्त केलं. त्याला कुत्र्यासारखं नाही म्हणायचं, त्याला आमच्याकडे पोहणं म्हणतात.

ऑगस्ट संपताना भिंती उभ्या राहिल्या. पाणी भरण्याआधी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लागलेलं असावं लागतं, तपासणी झालेली असावी लागते. मी कामाचा क्रमच उलटा केला. झाडं नंतर, फरशी नंतर, दिवे नंतर. दगडाचा रंग मी सहा महिने निवडत होते, तो दगड गराजमध्ये तसाच पडून राहिला. आतला गिलावा झाला, टँकर आले. रसायनं जुळेपर्यंत काही दिवस उतरायचं नाही, कंत्राटदारानं बजावलं. ते दिवस मोजले तर विमानाआधीचा एकच दिवस उरत होता.

तो शनिवार होता. लख्ख ऊन आणि गार वारा. चारी बाजूंनी चिखल, त्यावर चालायला फळ्या टाकलेल्या, गुंडाळून ठेवलेली नळी, मातीचे ढीग, आणि मधोमध निळं, लांबट, स्वच्छ पाणी. माझ्या चौसष्ट कलमांपैकी एकोणीस झाली होती. पाणी तापवायचं यंत्र त्या एकोणिसांत नव्हतं. मुलीनं आत पाय घातला आणि किंचाळली.

कंत्राटदार पंप बघायला म्हणून आला होता. पंप चालू होता. तरी तो थांबला.

माझ्या अटी होत्या. आधी पायऱ्यांवरून उतरायचं, अंग ओलं करायचं, एक फेरी मारायची. मुलगी खोल बाजूला पाण्यात असेल. नवरा काठावर, हातात लांब काठी घेऊन. मी वही घेऊन, कारण मला पोहता येत नाही आणि हातांना काहीतरी हवं होतं. आईनं सगळं निमूटपणे केलं. फेरी मारली, बाहेर आली, फळीवरून सावकाश चालत खोल बाजूच्या काठाशी जाऊन उभी राहिली. टी-शर्टमधून पाणी गळत होतं. नखं निळी पडली होती.

आणि ती तशीच उभी राहिली.

एक मिनिट गेलं. कंत्राटदारानं वजन या पायावरून त्या पायावर घेतलं. मुलगी पाण्यात गोल फिरत होती. "आज्जी, यू डोन्ट हॅव टू," ती हळूच म्हणाली.

"आई, थंडी वाजत असेल तर..." मी म्हणाले.

"थंडी नाही."

"मग भीती वाटतेय?"

"तुम्ही सगळे बघताय," आई म्हणाली. "असं कोणी बघत असलं की आम्ही मारायचो नाही. पाठ करा."

"काय?"

"पाठ करा सगळ्यांनी. ए मिस्टर, टर्न." तिनं बोटानं हवेत गोल काढला. कंत्राटदार कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. नवराही फिरला, काठीसकट.

"मी सेफ्टीला आहे, मी बघणार," मुलगी म्हणाली. आश्चर्य म्हणजे मराठीत.

"तू पाण्यात आहेस, तुला चालेल. पण हसायचं नाही."

राहिले मी. हा पूल मी बघण्यासाठीच तर मांडला होता. खिडकीतून, ओट्यावरून, प्रत्येक कोपऱ्यातून कसा दिसेल याची कलमं केली होती. मी आईकडे पाहिलं. तिनं शाळेतली भुवई वर केली. मी फिरले. समोर घर होतं, माझी स्वयंपाकघराची खिडकी होती, आणि खिडकीच्या काचेत आकाश सोडून काही दिसत नव्हतं.

फळी करकरली. मग क्षणभर काहीच नाही. मग धप्पकन असा आवाज झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. माझ्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर बर्फासारखं पाणी पडलं.

मी वळले. पाण्यावर गोल-गोल वलयं होती आणि डोकं नव्हतं. मुलगी पाण्यात तोंड घालून खाली बघत होती. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चारला मी वही टाकून दिली. पाचला आई वर आली, केस तोंडावर चिकटलेले, तोंड उघडं. श्वास मिळाला तसं ती पहिलं वाक्य बोलली.

"तळ लागला नाही!"

"व्हॉट डिड शी से?" कंत्राटदारानं विचारलं. तो अजून कुंपणाकडेच तोंड करून उभा होता. मी त्याला सांगितलं. त्यानं स्वतःचा हात वर केला, बोटांच्या टोकाकडे पाहिलं आणि मान हलवली, काम बरोबर झालंय अशी.

आईनं आणखी दोन मारले. प्रत्येक वेळी आम्ही पाठ केली. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, बास, आता चहा. दुसऱ्या दिवशी ती गेली, व्हीलचेअरमध्ये बसून, मांडीवर पर्स, आणि या खेपेला तिनं काहीच जाहीर केलं नाही.

वही पाण्याच्या कडेला, डबक्यात पडली होती. मी ती गराजमध्ये उघडी करून वाळत घातली. जेलच्या पेनची शाई, सगळी पसरली. एकतिसाव्या कलमापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत निळा डाग आहे. बरीचशी मी आठवून पुन्हा लिहिली. तीन कलमं काही केल्या आठवत नाहीत. वसंतात फरशी झाली, झाडं लागली, दिवे लागले, उन्हाळ्यात तेच बारा जण येऊन काठावर पाय सोडून बसले, चहावाल्या काकांनाही चहा मिळाला, आणि ती तीन राहून गेलीत हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.